घरची वीज : आपला हात कोठवर, वायरमनचा कोठून?

(न्यासाच्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त, बडोदे येथील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, संगीत अशा विषयांवर विद्वान वक्त्यांनी आपणांस तृप्त केले. त्यांच्या पाठोपाठ आज विजेच्या खटक्यांविषयी आणि फ्यूजांविषयी बोलण्यास आम्हांस उभे केले आहे. हा उतार आपण गोड मानून घ्यावा. आम्ही म्हणजे न्यासाच्या इमारत समितीतील तिघे. एक निवृत्त विद्युत अभियंता, एक परवानाधारक वायरमन आणि एक हिशेब पाहणारा. बोलणारे तोंड एक असले तरी विचार तिघांचा आहे.

विषय निवडण्याचे कारण सांगतो. रावपुरा, दांडिया बाजार इकडच्या जुन्या वाड्यांतून, तसेच अलीकडच्या फ्लॅटांतूनही, आपली पुष्कळ वडीलधारी माणसे आज एकटी-दुकटी राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला, नाहीतर परदेशी. दिवा गेला किंवा फ्यूज उडाला की शेजारचा एखादा हुशार मुलगा टेस्टर घेऊन येतो, काहीतरी जोडतो, दिवा लागतो, त्याला चहा मिळतो आणि प्रकरण मिटते. बहुतेक वेळा यात वावगे काही घडत नाही. परंतु काही वेळा दिवा लागतो आणि दोष मात्र भिंतीत तसाच राहतो. त्या वेळा ओळखाव्यात कशा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याने या बाबतीत काय म्हटले आहे ते पाहू, कारण ही रेघ आम्ही आमच्या मनाने ओढलेली नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ती होती आणि पुढे २०१० व २०२३ च्या केंद्रीय नियमावलींतही ती कायम राहिली. तिचा आशय असा : दिवे, पंखे, फ्यूज, खटके, घरगुती उपकरणे अशा वस्तू घरातल्या घरात बदलण्यास हरकत नाही, मात्र त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. याहून अधिक जे काही असेल, म्हणजे नवी वायर, वाढीव पॉइंट, दुरुस्ती, फेरफार, ते परवानाधारक ठेकेदाराने आणि परवानाधारक कामगारानेच करावयाचे. क्षमता आणि स्वरूप हे दोन शब्द घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावेत. गेलेला दिवा काढून तसाच दुसरा लावला, तर क्षमताही तीच आणि स्वरूपही तेच. फ्यूजची पाच अँपिअरची तार जळाली म्हणून तिच्या जागी जाड तार घातली, तर डोळ्यांना काम तेवढेच दिसते, परंतु क्षमता बदलली. दोन पिनांच्या खटक्यावर गीझर जोडला, तर स्वरूप बदलले.

आता क्षमतेचा हिशेब करू. आमच्यातील हिशेबनीसांना तो विशेष आवडतो. जुन्या वाड्यांत वीज आली तेव्हा एका घरात चार दिवे, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ. लाकडी पट्टीवरून गेलेल्या त्या तारांवर पाच अँपिअरचा भार म्हणजे चैन होती. आज त्याच घरात दोन हजार वॅटचा गीझर आला. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. दोन हजारांना २३० ने भागले की पावणेनऊ अँपिअर होतात. त्याच तारेवर हजार वॅटची इस्त्री लावली की एकूण तेरा. आणि यातली मेख अशी की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. पाचाऐवजी तेरा अँपिअर गेले तर उष्णता जवळजवळ सातपट. ती तार भिंतीत किंवा लाकडी पट्टीखाली असते, तिचे आवरण हळूहळू कडक होऊन तडकते, आणि हे सारे आपल्या नजरेआड चालते. म्हणून नवे मोठे उपकरण घरात आणताना, मग तो गीझर असो, वातानुकूलन यंत्र असो, विजेची शेगडी असो की विजेच्या स्कूटरचा चार्जर असो, दोष निर्माण होण्याची वाट न पाहता आधीच वायरमनला विचारावे. दुकानदार यंत्र घरपोच करतो. भिंतीतली तार ते यंत्र पेलेल की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हे.

एवढी प्रस्तावना पुरे. आता लक्षणांकडे वळतो. ताप हा जसा स्वतः रोग नसून रोगाची खूण असतो, तसेच विजेच्या घरगुती तक्रारींचे आहे.

पहिली खूण, वारंवार उडणारा फ्यूज किंवा पडणारा एमसीबी. एकदा पडला, आपण कारण जाणतो की गीझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू होते, भार कमी करून खटका वर केला आणि तो टिकला, तर विषय संपला. परंतु वर करताक्षणीच पुन्हा पडत असेल तर कोठेतरी तारेला तार भिडली आहे. तेथे तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये. काही मंडळी खटका बोटाने दाबून धरतात. काही जण, 'मोठा एमसीबी बसवून द्या, म्हणजे पडणार नाही,' असे सांगतात. पडणार नाही हे खरे. परंतु मग जळेल ती तार. एमसीबी हा भिंतीतल्या तारेचा रखवालदार आहे. तो ओरडतो म्हणून त्याला बहिरा करण्यात शहाणपण नाही.

मुख्य फळीवर आरसीसीबी नावाचा दुसरा एक रखवालदार असतो. त्याला कित्येक जण अजून ईएलसीबी म्हणतात. त्याच्यावर 'टी' असे एक छोटे बटण असते. तो पडला तर एक तपास आपण स्वतः करू शकतो. घरातल्या सर्व पिना काढाव्यात, आरसीसीबी एकदा वर करावा, तो टिकला तर एकेक उपकरण क्रमाने लावावे. ज्या उपकरणाने तो पडेल ते बाजूला ठेवून दुरुस्तीस पाठवावे. सर्व पिना काढूनही तो पडत असेल, तर दोष बहुधा मांडणीतच आहे. तेथे आपला हात थांबला, वायरमनचा सुरू झाला.

दुसरी खूण, गरम झालेला खटका, पिनेभोवती पडलेला तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा वास, किंवा बटणातून येणारी कुरकुर. हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, कारण दिवा तर लागलेला असतो! येथे बहुधा सांधा सैल झालेला असतो. प्रवाह तेवढाच असतो, म्हणून एमसीबीला काही कळत नाही. परंतु त्या सैल जागी उष्णता साठत जाते. जुन्या काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत आणि त्यांना पुढे तांब्याच्या तारा नुसत्या पिळून जोडलेल्या असतात. असले सांधे कालांतराने हमखास सैल पडतात. वास आला की त्या भागाची वीज बंद करावी आणि त्याच दिवशी माणूस बोलवावा. 'रविवारी बघू' हे येथे चालत नाही.

तिसरी खूण, शॉक. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, धुलाई यंत्राचा पत्रा चावतो, पावसाळ्यात भिंत किंवा नळ झिणझिणतो. आपल्या घरांतून यावर 'पायांत चप्पल घालून हात लाव' असा उपाय सांगितला जातो. तो ऐकला की आम्हांस धडकी भरते. एक आकडा सांगतो. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा पाव अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो. त्याच्या सुमारे आठव्या-नवव्या हिश्श्याइतका, म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह माणसाच्या छातीतून काही वेळ वाहिला तर प्राणावर बेतू शकते. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तर तो जाणवणारही नाही. माणसाला वाचवितो तो आरसीसीबी. घरगुती वापरासाठी तो तीस मिलिअँपिअरचाच असावा लागतो. आणि त्याच्या बरोबरीने हवे ते अर्थिंग.

अर्थिंगविषयी चार शब्द अधिक बोलणे भाग आहे. तीन पिनांतली वरची लांब, जाड पिन अर्थची असते. ती लांब अशासाठी की लावताना ती आधी भिडावी आणि काढताना शेवटी सुटावी. दोन भोकांत बसावी म्हणून ती पिन काढून टाकणारे हात आम्ही पाहिले आहेत. काही घरांत खटका तीन पिनांचा, दिसायला नवा कोरा, परंतु मागे अर्थची तारच नाही. कोठे ती तार नळाला बांधलेली. त्या नळाचा पाइप पुढे केव्हातरी प्लास्टिकचा झाला आणि अर्थिंग नावापुरते उरले. आणि सर्वांत वाईट म्हणजे अर्थची तार न्यूट्रललाच जोडून टाकणे. बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावरच वीज येते. अर्थिंग आहे की नाही हे टेस्टरला कळत नाही. खिशातला टेस्टर फक्त काही ठिकाणी वीज आहे एवढेच सांगतो. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही अशी खात्रीही तो देत नाही. अर्थिंगची परीक्षा उपकरणाने होते आणि ते काम जाणत्याचे आहे.

याच सदरात आणखी दोन गोष्टी येतात. बादलीत सोडण्याची पाणी तापवायची कॉइल चालू असताना पाण्यात बोट घालून ऊन झाले का ते पाहू नये. आधी पिन काढावी, मग पाहावे. आणि कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार बांधू नये. विजेच्या सर्व्हिस वायरचे आवरण उन्हाने झिजते, ती पत्र्याला किंवा त्या तारेला घासते आणि ओले लुगडे टाकणारीच्या हातावर प्रसंग येतो. नायलॉनची दोरी थोड्या पैशांत मिळते.

चौथी खूण सर्वांत घाईची. काही दिवे एकाएकी प्रखर होतात, काही मंदावतात, पंखा विचित्र वेगाने फिरतो, किंवा खटक्याच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. असे झाले की न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असण्याचा संभव फार. बाहेरच्या लाइनवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्ट येऊ शकतात. कारण शोधत बसू नये. मेन स्विच बंद करावा आणि मग शेजाऱ्यांकडे काय चालले आहे ते विचारावे. सर्वांकडे तेच असेल तर वीज कंपनीला कळवावे. आपल्याच घरी असेल तर कंपनीला कळवून वायरमनलाही बोलवावे.

येथे कोणाला बोलवावयाचे हा प्रश्न आला, तो निकालात काढू. खांबापासून मीटरपर्यंत वीज कंपनीचे राज्य. मीटरपासून पुढे आपले. मीटरचे सील आपण तोडू नये, वायरमननेही तोडू नये. मीटरच्या पुढे भिंतीतले काम वायरमनचे, आणि उपकरणाच्या पोटातले काम उपकरण दुरुस्त करणाऱ्याचे. या शहरात राहणाऱ्यांना उत्तरायणाचे सांगावयास नको. पतंग तारेवर अडकला की पोरे लोखंडी सळई किंवा ओला बांबू घेऊन गच्चीवर धावतात. त्या जागी वायरमनचाही हात चालत नाही. ती कंपनीची हद्द. पतंग दहा रुपयांचा, तो तेथेच राहू द्यावा.

पाचवी खूण, पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरातील अनेक वस्त्यांत शिरले, ते आपणांपैकी कित्येकांनी पाहिले आणि भोगलेही. पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा होते ती पंखा लावून घर वाळविण्याची. ती आवरावी. खटके ज्या उंचीपर्यंत बुडाले त्यांच्या आत गाळ बसलेला असतो. बाहेरून कोरडे दिसले तरी नळीत ओल राहते. पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. मीटर बुडाला असल्यास कंपनीला बोलवावे. नंतर वायरमनने मेगर नावाच्या यंत्राने तारांच्या आवरणाची परीक्षा करावी आणि त्याने होकार दिल्यावरच वीज सुरू करावी. बुडालेला फ्रिज किंवा धुलाई यंत्र चालू करून पाहू नये. आधी उघडून तपासावे. आणखी एक. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांच्या घरात बाहेरची वीज गेली तरी तारांत वीज असू शकते. ज्यांच्या गच्चीवर सौर पट्ट्या आहेत त्यांच्या पट्ट्यांच्या तारा तर दिवसा उजेडी जिवंतच असतात. हेच थोड्या प्रमाणात दर पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीला लागू आहे. जेथे ओल उतरते तेथील खटका बंद ठेवावा. आधी गळती, मग रंग, मग खटका, असा क्रम असावा.

खुणा संपल्या. मग आपण स्वतः काय करावे? मुख्य खटका बंद करून दिवा बदलावा, ट्यूबचा स्टार्टर बदलावा, त्याच अँपिअरची फ्यूजची तार घालावी, तपासासाठी पिना काढाव्यात, दर महिन्यास आरसीसीबीचे 'टी' बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. न पडला तर तो निकामी आहे असे समजून वायरमनला बोलवावे. आणि घरातल्या प्रत्येकाला, नातवंडांसकट, मेन स्विच कोठे आहे हे दाखवून ठेवावे. एखाद्यास वीज चिकटली तर त्याला आधी हात लावू नये. वीज बंद करावी, ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे, आणि १०८ ला दूरध्वनी करावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये.

वायरमन बोलावला म्हणजे आपले कर्तव्य संपले असेही नाही. त्याचा परवाना विचारण्यात त्याचा अपमान नाही. चांगला कारागीर तो आनंदाने दाखवितो. तार आयएसआय खुणेची आहे ना, दिव्यांच्या आणि मोठ्या उपकरणांच्या तारा वेगळ्या आहेत ना, अर्थची हिरवी तार प्रत्येक तीन पिनांच्या खटक्यापर्यंत पोहोचली ना, हे विचारावे. काम झाल्यावर कोणत्या एमसीबीवर कोणती खोली, ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. आणि मग त्याचे दाम घासाघीस न करता द्यावेत. याच गावात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले आणि हातांच्या कसबाला विद्येचा मान मिळाला. त्या गावच्या माणसांनी वैद्याला फी मोजून द्यावी आणि वायरमनच्या शंभर रुपयांवर घटकाभर वाद घालावा, हे शोभत नाही.

आता जो मुद्दा आम्हांस खरोखर बोचतो तो सांगून आवरते घेतो. आमच्या फेऱ्यांत आम्हांस जी घरे सर्वांत धोक्याची आढळली, त्यांतल्या माणसांना धोका ठाऊक नव्हता असे नाही. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे, खर्च मी का करू? मालक म्हणतो, भाडे किती येते ते पाहा! आणि मधल्या मध्ये एकटी राहणारी एखादी आजी फ्रिजचे दार पदराने धरून उघडते. तिला वायरमन केव्हा बोलवावा हे पक्के ठाऊक आहे; त्याला द्यावयाचे पैसे आणि बोलावून आणणारे माणूस तिच्याकडे नाही. अशांपुढे नुसते व्याख्यान देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही.

न्यासाने आजवर विद्यार्थ्यांची पुस्तके आणि रुग्णांची औषधे यांसाठी झोळी फिरविली, आणि समाजाने ती रिकामी ठेवली नाही. आमची विश्वस्तांस विनंती आहे की या अमृतमहोत्सवी वर्षात एकट्या वृद्धांच्या व अडचणीतील कुटुंबांच्या घरांची वीज परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी. आणि जेथे नसेल तेथे एक आरसीसीबी व खरे अर्थिंग न्यासाच्या खर्चाने बसवून द्यावे. उत्सवाच्या रोषणाईचा खर्च यंदा निम्मा केला तरी कित्येक घरे होतील, असे आमचे हिशेबनीस म्हणतात. मंडपावर माळा थोड्या कमी लागल्या तरी गणराय रागावणार नाहीत.

आपणांपैकी ज्यांना हे पटले असेल त्यांनी आपल्या आळीतील अशा एका घराचे नाव कार्यालयात नोंदवून जावे. पत्ता द्या, पुढचे आम्ही पाहतो.